स्वतःची पॅकेज रिपॉझिटरी: फाइली ठेवणं सोपं, यादी खरी ठेवणं अवघड

८ सप्टेंबर २०२५ रोजी चॉक आणि डिबग यांच्यासह एकूण १८ एनपीएम पॅकेजांमध्ये कुणीतरी चोरटा कोड घुसवला. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं सार्वजनिक भांडार. ही १८ पॅकेजं मिळून आठवड्याला २ अब्जांहून जास्त वेळा उतरवली जातात. यासाठी सर्व्हर फोडावा लागला नाही. पॅकेजं सांभाळणाऱ्या एका माणसाला एनपीएमच्या नावाने बनावट ईमेल आला, त्यातल्या पानावर त्याने लॉगिन केलं आणि चोराच्या हाती त्याचं खातं लागलं. घुसवलेला कोड क्रिप्टो चलनाचे व्यवहार परस्पर चोराच्या खात्याकडे वळवणारा होता. काही तासांत तो पकडला गेला. त्यानंतरच्याच आठवड्यात त्याच भांडारात एका पॅकेजमधून दुसऱ्यात आपोआप पसरणारा वर्म सापडला.

अशी बातमी आली की सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येक टीममध्ये कुणीतरी विचारतंच: आपण आपलीच रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं स्वतःचं भांडार, का चालवू नये? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी रिपॉझिटरी चालवणं म्हणजे नेमकं काय करणं, आणि त्यासाठी टूल बनवायला बसलो तर अडचण कुठे येते, ते समजून घ्यायला हवं. बहुतेकांना ती साठवणुकीत येईल असं वाटतं. साठवणूक हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

गाठोडं, चिठ्ठी आणि यादी

पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं आणि त्याला जोडलेली चिठ्ठी. डेबियन लिनक्सची एखादी डेब फाइल उघडून बघा. आत एक इवलीशी फाइल निघते, तिच्यात फक्त ‘२.०’ एवढंच लिहिलेलं असतं. तो फॉरमॅटचा आकडा. मग ‘कंट्रोल’ नावाचा गठ्ठा. ही आपली चिठ्ठी: पॅकेजचं नाव, व्हर्जन, कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, आणि चालायला आणखी कोणकोणती पॅकेजं लागतात. शेवटी ‘डेटा’ नावाचा गठ्ठा, त्यात प्रत्यक्ष फाइली. रेड हॅटसारख्या लिनक्सवरच्या आरपीएमची, पायथन भाषेच्या ‘व्हील’ पॅकेजची, एनपीएमच्या पॅकेजची मांडणी निराळी असली तरी गाठोडं आणि चिठ्ठी ही जोडी सगळीकडे आहे.

रिपॉझिटरी, म्हणजे रोजच्या बोलण्यातला रेपो, हे अशा गाठोड्यांचं ग्रंथालय. मोठ्या ग्रंथालयात आपण थेट कपाटांत शोधाशोध करत नाही. आधी सूची बघतो, तिथून पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते कळतं, मग फळीकडे जातो. आपल्या संगणकावर पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्रॅम, म्हणजे डेबियनचा ॲप्ट, पायथनचा पिप किंवा आरपीएमवाल्यांचा डीएनएफ, हेच करतो: आधी रेपोची यादी आणतो, त्यात नाव शोधतो, त्यात दिलेल्या ठिकाणाहून फाइल उतरवतो. पॅकेज सर्व्हरवर असूनही यादीत नसेल, तर ॲप्टच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. आणि यादीत आहे पण फळीवर नाही, तर इन्स्टॉल करणारा अर्ध्यात अडकतो.

म्हणजे रेपो चालवणं हे यादी सांभाळण्याचं काम आहे. टूल चांगलं की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: यादी क्षणभर तरी खोटी पडू शकते का?

साधं शेअर्ड फोल्डर पुरत नाही का?

चार माणसं आणि दोन पॅकेजं असतील तर पुरतं, आणि तेवढ्यासाठी कुणी टूल बनवू नये. पण फोल्डरला ‘याला आणखी काय लागतं’ हे कळत नाही. नवं व्हर्जन आलंय हे ते मशीनला सांगू शकत नाही. फाइल कुणी ठेवली, मधे कुणी बदलली का, याचा पत्ता नसतो. मशीनं दहाच्या वर गेली की ही तपासणी कुणीतरी हाताने करू लागतं, आणि हाताने केलेली तपासणी घाईच्या दिवशी राहून जाते.

एका सहीत हजारो पॅकेजं कशी बसतात

डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. प्रत्येकावर वेगळी सही तपासायची म्हटलं तर अवघडच. त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडते.

आधी हॅश म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही फाइलवर एक ठरलेलं गणित चालवून तिचा छोटा ठसा काढता येतो, बोटाच्या ठशासारखा. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला ठसा ६४ अक्षरांचा असतो. फाइल एक ओळीची असो वा काही जीबींची, ठसा तेवढाच. आणि फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पार बदलून जातो.

आता साखळी बघा. ‘पॅकेजेस’ नावाच्या यादीत प्रत्येक डेब फाइलचा ठसा लिहिलेला असतो. ‘रिलीज’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये या सगळ्या याद्यांचे ठसे असतात. आणि त्या एका रिलीज फाइलवर रेपोवाल्याची डिजिटल सही असते. सही आणि मजकूर एकाच फाइलमध्ये असतील तर त्या फाइलला ‘इनरिलीज’ म्हणतात. सही खरी, म्हणून रिलीज खरी. रिलीजमधला ठसा जुळला, म्हणून यादी खरी. यादीतला ठसा जुळला, म्हणून पॅकेज खरं. एका छोट्या फाइलवर सही करून सगळं भांडार बांधलं जातं. मग पॅकेजं कोणत्याही मिररवरून, म्हणजे रेपोची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, येऊ देत, वाटेत कुणी हात लावला तर ठसा जुळणार नाही.

इथे दोन उलटसुलट शंका येतात. वाट सुरक्षित करणारं एचटीटीपीएस असताना सही कशाला? कारण एचटीटीपीएस फक्त वाटेची राखण करतं. सर्व्हरवरचाच माल बदलला तर ते बदललेला माल सुरक्षितपणे पोचवेल. मग सही असताना एचटीटीपीएस कशाला? याचं उत्तर जानेवारी २०१९ मध्ये मिळालं. ॲप्टमध्येच एक चूक सापडली. सर्व्हरने ‘फाइल दुसरीकडे आहे, तिकडे जा’ असं सांगितलं की ते उत्तर हाताळताना वाटेतल्या हल्लेखोराला खोटे ठसे घुसवता येत होते. साखळी भक्कम होती, ती तपासणाऱ्या कोडलाच भोक होतं. दोन्ही ठेवायचं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

आधी काय चढवायचं, मग काय

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. रेपोचं टूल करायला घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पाय इथेच अडखळतो.

डेबियनच्या रेपोत दोन मुख्य फोल्डर असतात. ‘डिस्ट्स’मध्ये याद्या आणि सही केलेली फाइल, ‘पूल’मध्ये पॅकेजं. मी पहिल्यांदा रेपो चालवला तेव्हा माझ्या मशीनवर सगळं तयार करून साध्या सिंकच्या कमांडने सर्व्हरवर पाठवत होतो. ती कमांड इंग्रजी वर्णक्रमाने चालायची. ‘डी’ आधी, ‘पी’ नंतर. म्हणजे नवी यादी आधी पोचायची आणि त्या यादीतली पॅकेजं मागून रांगत यायची. पॅकेजं छोटी होती तोवर कुणाला काही जाणवलं नाही. एक दिवस मोठं पॅकेज आलं, चढायला सात-आठ मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात ज्या ज्या मशीनने अपडेट घेतलं तिला यादीत नाव दिसलं आणि फाइल मात्र सापडली नाही.

मी क्रम उलटा केला: आधी पॅकेजं, मग याद्या, सगळ्यात शेवटी सही केलेली फाइल. तरी अधूनमधून ‘हॅश सम मिसमॅच’ ही चूक येतच राहिली. लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांनी ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते आणि नेट खराब असेल म्हणून सोडून दिलेली असते. प्रत्यक्षात घडतं असं: मशीनने रिलीज फाइल उतरवली. त्यात यादीचा जुना ठसा आहे. पुढच्याच सेकंदाला आपण नवी यादी जुन्या यादीच्या जागी ठेवली. मशीनने यादी मागितली, तिला नवी मिळाली. ठसा जुळेना. दोन्ही फाइली खऱ्या, दोन्ही आपल्याच, पण एकमेकींच्या नव्हेत. मधे एखादा कॅश सर्व्हर, म्हणजे फाइलींची प्रत काही काळ जवळ ठेवून तीच देत राहणारा सर्व्हर, असेल तर ही विजोड जोडी तासन्‌तास टिकते.

यावरचा इलाज असा की यादी तिच्या ठशाच्याच नावाने ठेवायची. यादी बदलली की ठसा बदलतो, म्हणून नाव बदलतं, म्हणून नवी यादी जुनीवर पडतच नाही. जुनी रिलीज फाइल हातात असलेल्या मशीनला जुनी यादी मिळते, नवी असलेल्याला नवी. जुन्या याद्या काही दिवस तशाच ठेवायच्या, मग साफ करायच्या. ॲप्टमध्ये ही सोय २०१६ पासून आहे.

त्यामुळे टूलमध्ये ‘पॅकेज चढवा’, ‘यादी बनवा’, ‘सही करा’ अशी तीन सुटी बटणं देऊ नयेत. माणूस दोन दाबेल आणि फोन आला म्हणून उठून जाईल. पॅकेजं हवी तेवढी, हवी तेव्हा आत जमा होऊ द्यावीत. बाहेरच्या जगाला काहीच दिसू नये. मग ‘प्रकाशित करा’ ही एकच क्रिया. टूलने सगळं एका बाजूला पूर्ण रचावं, प्रत्येक ठसा स्वतः पुन्हा तपासावा आणि शेवटी एकाच झटक्यात फक्त सही केलेली फाइल बदलावी. त्याआधी कुठेही वीज गेली, नेट तुटलं, तरी जगाला जुना आणि पूर्ण रेपो दिसत राहतो. दोघांनी एकाच वेळी प्रकाशित करायला घेतलं तर दुसऱ्याला थांबवणारं कुलूपही हवं, नाहीतर एकाची यादी दुसऱ्याचं पॅकेज गिळून टाकते.

कॅशचे नियमही यातूनच निघतात. पॅकेज कधी बदलत नाही, तेव्हा ते वर्षभर कॅशमध्ये राहिलं तरी चालेल. सही केलेली फाइल मात्र काही मिनिटांपेक्षा जास्त नको.

चुकून चुकीचं व्हर्जन गेलं, तर त्याच नंबरावर नीट केलेलं टाकू का?

नाही. १.४.२ या नंबराने एकदा जे बाहेर गेलं ते कायमचं १.४.२. एका मशीनवर सकाळचं १.४.२ आहे, दुसऱ्यावर दुपारचं, आणि दोघांकडे विचारलं तर उत्तर एकच येतं. त्यातली चूक शोधायला बसणाऱ्याचे दिवस वाया जातात. पायथनच्या पायपीआय भांडारात तर फाइल काढून टाकली तरी त्या नावाने पुन्हा काही चढवता येत नाही. नवा नंबर फुकट असतो, तो घ्यावा.

काढून टाकण्याचंही तसंच. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने नावाच्या वादातून एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं. त्याचं काम एवढंच, की मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरायची. पण त्याच्यावर उभी असलेली पॅकेजं इतकी होती की जगभरातली बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याची कामं, कोसळली आणि एनपीएमला ते पॅकेज परत ठेवावं लागलं. पुढे काढून टाकण्याचे नियमच बदलले.

चांगल्या टूलमध्ये म्हणूनच ‘काढा’ आणि ‘मागे घ्या’ वेगळं असतं. मागे घेतलेलं व्हर्जन नव्याने कुणाला सुचवलं जात नाही, पण ज्याने नेमका तोच नंबर लिहून ठेवलाय त्याला मिळत राहतं. पायपीआयवर याला ‘यँक’ म्हणतात. खरोखर पुसणं हे गुपित फाइल चुकून चढली, अशा प्रसंगापुरतं राखून ठेवावं.

खासगी रेपो म्हणजे आपोआप सुरक्षित?

खासगी रेपोचा स्वतःचा असा एक धोका आहे. समजा तुमच्या टीमचं ‘बिलिंग-हेल्पर’ नावाचं पॅकेज फक्त आतल्या रेपोत आहे. मशीनला दोन्ही पत्ते दिलेत: आपला रेपो आणि सार्वजनिक भांडार. पिपला जोडीचा पत्ता म्हणून दुसरा रेपो दिला की तो दोघांना सारखाच मान देतो आणि ज्याचं व्हर्जन मोठं ते उचलतो. आता कुणा परक्याने सार्वजनिक भांडारात त्याच नावाचं ९९.० व्हर्जन टाकलं तर?

फेब्रुवारी २०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने हे करून दाखवलं. त्याचा निरुपद्रवी कोड ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांच्यासह ३५हून जास्त कंपन्यांच्या आत चालला. त्यासाठी त्याला आतल्या पॅकेजांची नावं कळणं पुरेसं होतं. याला ‘डिपेंडन्सी कन्फ्यूजन’ म्हणतात.

यावर भरवशाचा उपाय एकच: मशीनला दोन पत्ते द्यायचेच नाहीत. मशीनने फक्त आपल्या रेपोशी बोलावं आणि सार्वजनिक पॅकेजं रेपोनेच बाहेरून आणून द्यावीत. जे नाव आतलं म्हणून नोंदलंय ते टूलने बाहेर शोधायलाही जाऊ नये. नाव ताडतानाही सावध राहावं लागतं. पायथनच्या जगात ‘बिलिंग-हेल्पर’ हे हायफनने लिहा, अंडरस्कोरने लिहा किंवा टिंबाने, ते एकच नाव धरलं जातं, लहान-मोठी अक्षरंही सारखीच. टूलने हे लक्षात घेतलं नाही तर दारावरचा पहारा नुसत्या एका अंडरस्कोरने चुकवता येतो.

चावी कुठे ठेवायची, आणि ती संपते तेव्हा

डिजिटल सही ज्या गुप्त फाइलने होते ती खासगी चावी वेब सर्व्हरवर असू नये. सर्व्हर फुटला तर चोर मालही बदलेल आणि त्यावर आपलीच सहीही ठोकेल. सही वेगळ्या मशीनवर व्हावी, तिथून फक्त तयार फाइली बाहेर जाव्यात.

चावीला मुदत असते, आणि ती संपल्याचं बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी कळतं. मी एका टीमसोबत काम करत होतो, तिथे शनिवारी पहाटे सगळ्या मशीनवर अपडेट बंद पडली. चावी आदल्या रात्री संपली होती. नवी चावी बनवायला पाच मिनिटं लागली. शेकडो मशीनवर ती पोचवायला चार दिवस, कारण ती पोचवायचा नेहमीचा रस्ता म्हणजे तोच बंद पडलेला रेपो. जुनी चावी चालू असतानाच त्याच रेपोतून पुढची चावी पॅकेज म्हणून पाठवून ठेवायची असते. डेबियनही आपल्या चाव्या पॅकेजमधूनच देतं. टूलने मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून प्रत्येक वेळी प्रकाशित करताना आठवण करून द्यावी, आणि काही काळ जुन्या-नव्या दोन्ही चाव्यांनी सही करावी.

मुदतीचा आणखी एक उपयोग आहे. हल्लेखोराने काहीच बदललं नाही, फक्त सहा महिन्यांपूर्वीची खरी, सही असलेली यादी मशीनला देत राहिला, तर? ठसे जुळतात, सही जुळते, आणि मशीनला वाटतं नवं काही आलेलंच नाही. भोक बुजवणारी अपडेट पोचत नाही. म्हणून सही केलेल्या फाइलवर ‘या तारखेनंतर ग्राह्य धरू नये’ असं लिहायची सोय असते. ती वापरली तर नवं काही नसतानाही टूलला ठरावीक काळाने पुन्हा सही करावी लागते.

तयार टूल असताना नवं कशाला?

बहुतेकांना नको. डेबियनच्या पॅकेजांसाठी ॲप्टली आणि रेप्रेप्रो आहेत, आरपीएमच्या याद्यांसाठी क्रिएटरेपो, आणि अनेक प्रकार एकत्र हवे असतील तर पल्प, नेक्सस, आर्टिफॅक्टरी. नवं टूल लिहायचंच असेल तर यांच्यापैकी एखाद्यावर आपले नियम बसवणारं पातळ वेष्टण लिहावं, असं माझं मत आहे.

ते निवडताना किंवा लिहिताना दोन गोष्टींवर अडून बसावं. पहिली, तयार होणारा रेपो म्हणजे नुसत्या फाइली असाव्यात, कोणत्याही साध्या वेब सर्व्हरवर ठेवता येतील अशा. टूल बंद पडलं तरी इन्स्टॉल करणाऱ्यांचं काम चालू राहतं. दुसरी, पत्ता आपल्या मालकीच्या डोमेनचा असावा. बिनट्रे ही पॅकेजं ठेवण्याची लोकप्रिय सेवा मे २०२१ मध्ये बंद झाली. ज्यांनी मशीनमशीनवर तिचाच पत्ता लिहिला होता त्यांना प्रत्येक मशीन गाठावं लागलं. ज्यांचा पत्ता स्वतःचा होता त्यांनी फाइली हलवल्या आणि डोमेन नव्या जागेकडे वळवलं.

सप्टेंबरमधला हल्ला यातून टळला असता का?

बऱ्याच अंशी. बाहेरचं नवं व्हर्जन आल्या आल्या आत घ्यायचं नाही, काही दिवस बाजूला ठेवायचं, हा नियम रेपोत घालता येतो. तो हल्ला काही तासांत उघड झाला होता; आठवडाभर थांबणाऱ्या रेपोतून तो आत आलाच नसता. मात्र तातडीची सुरक्षा दुरुस्ती याच नियमात अडकू नये म्हणून दुसऱ्या माणसाच्या संमतीने उघडणारी वाट ठेवावी लागते.

थांबून सगळंच टळत नाही. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांमध्ये चोरदरवाजा होता. पहिलं २४ फेब्रुवारी २०२४ रोजी आलं आणि चोरी उघड झाली २९ मार्चला, तीही एका इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं म्हणून. इतका वेळ पॅकेज अडवून धरणारे रेपो थोडेच.

अशा दिवशी रेपो दुसऱ्या कामाला येतो. बातमी आल्यावर पहिला प्रश्न असतो, ते व्हर्जन आपल्याकडे कोणत्या मशीनवर गेलं? सगळं येणंजाणं एकाच दारातून होत असेल आणि टूलने प्रत्येक उतरवणीची नोंद ठेवली असेल, म्हणजे मशीन, पॅकेज, व्हर्जन, ठसा आणि वेळ, तर त्या नोंदीत ५.६.० आणि ५.६.१ शोधायला मिनिटभर पुरतं. मग नोंदीत सापडलेल्या तेवढ्या मशीनकडे जायचं.